मी बऱ्या झालेल्यांच्या गटात

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.

आजपासून रोज लिहिणार. एकही दिवस चुकवणार नाही. ही डायरी आमच्या ह्यांना विमावाल्याने भेट दिली होती. ह्यांनी पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं आणि तेवढ्यावर दमले. मी काढून घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या बाई फार मारायच्या असं ऐकलं म्हणून मी शाळा सोडली. अक्षर मात्र अजून गोल आहे.

लिहायचं कारण आनंदाचं आहे. नातीचा फोन आला. नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. मोठ्या हॉस्पिटलात संशोधन करते. म्हणाली, आजी, उन्हाळ्यात तो ताप येऊन गेला ना, त्याच्यावरच आमचं काम चाललंय. काहींचा ताप उतरतो पण माणूस उठत नाही. महिने न् महिने थकवा, धाप, डोकं जड. असं का होतं ते शोधतोय. मामीला त्या गटात घेतलंय. पण ताप येऊन ठणठणीत झालेल्या बायकाही हव्यात, मोठ्या वयाच्या, म्हणजे तुलना करता येईल. तुला काही त्रास आहे का गं?

मी म्हणाले, मला कसला त्रास, त्रास मलाच घाबरतो.

तिची मामी म्हणजे आमची सूनबाई. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायच्या कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवायची, भिंगं बदलत राहायची आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे स्पष्ट? दिवसभर उभ्याने. ताप आल्यापासून घरीच आहे. आता नीट लक्ष देऊन बघा. आम्हा दोघींना एकाच आठवड्यात ताप. एकाच डॉक्टरचं औषध. एकाच पातेल्यातलं सूप. मी उठले. ती पडून आहे. मी काही बोलत नाही. पण माझं वय तिच्या दुप्पट आहे, एवढं तर कुणाच्याही लक्षात येईल.

तुलना! हा शब्द ऐकून मला इतका आनंद झाला की मी पलंगावर बसूनच नाचले.

४ नोव्हेंबर, बुधवार.

काल लिहिलं नाही. पेन सापडत नव्हतं. (डायरीतच होतं. तिथे कोणी ठेवलं, ते बघायला हवं.)

नातीने फोनवर प्रश्न विचारले आणि तिकडे माझी उत्तरं भरून घेतली. जिना चढताना धाप लागते का? नाही. आमच्या जिन्याच्या पायऱ्या मध्यंतरी उंच केल्यात, ती गोष्ट वेगळी. रंगवाले आले होते तेव्हाच मला संशय आला होता. रंग द्यायला एवढी माणसं लागतात का? दुपारी झोपता का? अजिबात नाही. आडवी पडून विचार करते. गोष्टी विसरता का? मुळीच नाही. एकदा तेवढं मी तिला विचारलं की तू फोन कशासाठी केला होतास. तेही चेष्टेने.

नात हसली. म्हणाली, आजी, तू बऱ्या झालेल्यांच्या गटात.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं झालं, कुठल्या तरी गटात घेतलं तुला.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा फोन. सूनबाईचा डोळा लागला होता, मुलगा कामावर, हे कान असून नसल्यासारखे. मी घेतला. मालक बिचारा अदबीने बोलला. म्हणाला, आजीबाई, त्यांना आता कसं आहे? पाच-सहा महिने मी गिऱ्हाइकं सांभाळून घेतोय.

मी काय खोटं बोलणार? म्हणाले, मलाही तोच ताप आला होता हो. सत्तरी उलटली माझी, तरी घरभर हरणासारखी फिरते. आता तुम्हीच काय ते समजा.

तो म्हणाला, असं का?

मी म्हणाले, असंच.

बोलून झाल्यावर एकदम हलकं वाटलं. मग फोनजवळच्या स्टुलावर बसून राहिले, दिवे लागेपर्यंत. ते स्टूल फार चांगलं आहे. पूर्वी लक्षातच आलं नव्हतं.

७ नोव्हेंबर, शनिवार.

घरात तणतण. मालकाने मुलाला गाठून सांगितलं, या महिनाअखेरपर्यंत थांबतो. एक तर पहिल्यासारखं दिवसभर कामाला यायचं, नाहीतर काय झालंय ते हॉस्पिटलच्या कागदावर लिहून आणायचं, मग अर्ध्या दिवसाचं बघू. दोन्ही नाही जमलं तर दुसरी मुलगी ठेवतो. मुलगा विचारत होता, त्याच्या डोक्यात एकदम हे कुणी भरवलं? मी त्या वेळी भांडी घासत होते. नळाचा आवाज फार येतो आमच्याकडे.

सूनबाई पलंगावर उठून बसली. मला म्हणाली, आई, तुम्हाला खरंच वाटतं मी सोंग करतेय? बारा वर्षं झाली मला त्या दुकानात. मला उभं राहायला आवडत नाही असं वाटतं तुम्हाला?

मी म्हणाले, अगं बाई, मी कुठे काय म्हणाले? मला तर तुझी काळजी.

ती भिंतीकडे तोंड करून निजली. भिंतीकडे तोंड केलं की माणसाचा चेहरा दिसत नाही. हेही लक्षात ठेवलंय मी.

नात म्हणते, टेस्ट झाल्या, मनगटावर बांधायच्या पट्ट्याचे आकडे आले की मोठ्या डॉक्टरीणबाई कागद देतील. आकडे आल्याशिवाय त्या सही करत नाहीत. म्हणजे आता सगळं मशीनच्या हातात. मशीनला कोणी भिंतीकडे तोंड करून फसवू शकत नाही. छान झालं.

९ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी, फार खुशीत.

हॉस्पिटलात जाऊन आले. सूनबाई आणि मी एकाच गाडीने. ती वाटभर डोळे मिटून. मी खिडकीतून बघत होते आणि ड्रायव्हरशी बोलत होते. त्याच्या बहिणीचं लग्न मोडलंय. चांगला मुलगा आहे बिचारा, पण आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. मी बोलता बोलता मध्येच थांबत होते म्हणे. माणूस श्वास घेणार की नाही?

एक लांबच लांब पॅसेज. दोन टोकांना, रस्ता खणताना ठेवतात तशा, दोन केशरी टोप्या ठेवलेल्या. त्यांच्यामधून नात सांगेल तोवर जा-ये करायची. बोटाला चिमटा लावलेला, त्यावर आकडे. सूनबाई मध्येच भिंतीला टेकली. मी टेकले नाही. भिंतीवरची चित्रं बघायला तेवढी थांबले. चित्र नुसतं एका फुलदाणीचं होतं, पण निरखून बघण्यासारखं.

मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं, उठायचं. ती खुर्ची मुद्दाम खोल केलेली. मी नातीला तसं स्पष्ट सांगितलं. मग आधी निजवलं, मग एकदम उभं केलं आणि नाडी बघितली. माझी नाडी बघून नात चिमट्याकडे बघत राहिली. तो चिमटा तिने स्वतःच्या बोटाला लावून बघितला. मला काय ते समजलं, चिमटा बिघडलेला.

शेवटी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. मला पाचही आठवले. त्यातले दोन तिने सांगितलेले होते.

मोठ्या डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, आजी, तुमचा उत्साह दांडगा आहे. हे वाक्य त्या सूनबाईला म्हणाल्या नाहीत. मी घरी येऊन ह्यांना चारदा सांगितलं. हे म्हणाले, चारदा सांगितलंस हे तुला आठवतंय ना, मग झालं.

उद्यापासून माळा आवरायला घेणार.

११ नोव्हेंबर, बुधवार.

काल आणि आज पलंगावरच. गादीचा कापूस एका बाजूला झालाय, त्यामुळे उठताना उतार लागतो. माळा आपला पुढच्या आठवड्यात.

सूनबाईसुद्धा पडून. तिचं मात्र सोंग.

१२ नोव्हेंबर, गुरुवार.

नातीने फोन करून विचारलं, आजी, सोमवारच्या टेस्टनंतर कशी आहेस? मी म्हणाले, घोड्यासारखी. (घोडेही कधीतरी निजतात.)

ती म्हणाली, बरं झालं. कारण या दुखण्याची खरी खूण हीच आहे, आजी. त्या दिवशी माणूस जमवून नेतं. थोडंसं जास्त झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवं पडतं. लोकांना वाटतं, काल तर चांगली होती, आज काय झालं? म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. मामीचं नेमकं तसंच आहे.

मी म्हणाले, बाळा, आळसाचीही हीच खूण असते.

ती म्हणाली, आजी, पलीकडे कुणी धापा टाकतंय का? मी म्हणाले, हे असतील.

हे बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते आणि शीळ घालत होते. आजकाल हे चहा करतात, अंडी उकडतात, कपडे वाळत घालतात, आणि वर शीळ. या वयात माणूस एवढा आनंदी असायला काहीतरी कारण लागतं. लक्ष ठेवलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी. महत्त्वाचं.

नात स्वतः घरी आली. आम्हा दोघींना मनगटावर बांधायचे पट्टे दिले. घड्याळासारखे, पण वेळ दाखवत नाहीत. एक आठवडाभर घालायचे. आपण किती चाललो, किती पडून राहिलो, नाडी कशी धावली, सगळं आत साठतं. फक्त अंघोळीला काढायचे. दोन्ही अगदी सारखे. घरात अदलाबदल होऊ नये म्हणून तिने आतल्या बाजूला माझ्या पट्ट्याला हिरवी टिकली चिकटवली, सूनबाईच्या पट्ट्याला लाल.

नात निघून गेल्यावर मी विचार केला. आडवी पडूनच केला, कारण विचार मोठा होता. लाल कशाला? हिरवी कशाला? दोन्ही पट्टे सारखे असतील तर टिकल्या वेगळ्या का? त्यातच सगळं आलं. आजाऱ्यांच्या पट्ट्यात कमी मोजायची सोय केलेली असणार. नात मामीची लाडकी आहे. लहानपणी मामीनेच तिला सायकल शिकवली. मी पण शिकवली असती, पण मला सायकल येत नाही.

म्हणजे सूनबाई घरभर नाचली तरी लाल पट्टा म्हणणार, बिचारी पडून होती. मग कागद मिळणार, अर्ध्या दिवसाची नोकरी मिळणार, आणि उरलेला अर्धा दिवस हिला कोण विचारणार?

यावर उपाय सापडला. इथे लिहिते, कारण ही डायरी कुणी वाचत नाही. सूनबाई अंघोळीला गेली तेव्हा तिचा पट्टा बाथरूमबाहेरच्या फळीवर होता. मी माझा हिरवा तिथे ठेवला आणि तिचा लाल उचलला. ती बाहेर आली, ओल्या हाताने पट्टा बांधला, आत बघितलंसुद्धा नाही.

आता मी लाल पट्टा घालून आठवडाभर अशी धावणार की त्याची सगळी सोय फुकट जाईल. आणि ती हिरव्यात जे काही चोरून करते ते जसंच्या तसं पकडलं जाईल. मग मी सगळ्यांसमोर सांगणार.

एवढी हुशारी पाचवीत जाऊन आली नसती.

१५ नोव्हेंबर, रविवार.

घरातले सगळे पडदे काढून धुतले! खुर्चीवर चढून! हे खाली खुर्ची धरून उभे. सारखे म्हणत होते, अगं, उतर. मी म्हणाले, तुम्ही खुर्ची धरा, सल्ले धरू नका. पट्ट्याला बरीच कामगिरी मिळाली असेल. सूनबाई दाराशी येऊन बघत होती. म्हणाली, आई, उद्या त्रास होईल हो, मला माहीत आहे कसं होतं ते.

म्हणजे बघा, तिला भीती वाटायला लागली.

१६ नोव्हेंबर, सोमवार.

पडून. पट्टा तापू नये म्हणून.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

पडून. पडदे अजून बाल्कनीतच. आज हात जड. डोक्यात कापूस. डोळ्यांना उजेड टोचतो, तो पडदे नसल्यामुळे. कारण सापडलं की बरं वाटतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

एक गोष्ट पकडली. स्वयंपाकघरात अर्धे सोललेले बटाटे. मी सूनबाईला विचारलं, अर्धे टाकून का गेलीस? ती म्हणाली, आई, माझा वाटा मी सोलला, उरलेले तुम्ही सोलते म्हणालात आणि सुरी घेऊन गेलात. सुरी माझ्या उशीजवळ सापडली. माझ्या उशीजवळ सुरी कोण ठेवतं? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी ठेवणार असतो तर पन्नास वर्षं थांबलो असतो का?

बटाटे शेवटी ह्यांनीच सोलले. शीळ घालत.

काल फिरायला जायचं ठरवलं होतं, बागेला तीन फेऱ्या. चप्पल घातली. मग चप्पल घालून दारातल्या बाकावर थोडा वेळ बसले. मग चप्पल काढली. एवढ्यावरून पट्ट्याला अंदाज आला असेलच.

सूनबाई आज दोनदा उठली. एकदा माझ्यासाठी पाणी आणलं. मी म्हणाले नव्हते. आपण होऊन आणलं. हिरव्या पट्ट्यात ते नोंदलं गेलं असेल, हे बिचारीला माहीत नाही. मी पाणी प्यायले आणि मनात हसले.

२१ नोव्हेंबर, शनिवार.

नात येऊन दोन्ही पट्टे घेऊन गेली. मी सूनबाईच्या मनगटाकडे बघत होते. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली होती. हात बारीक झालाय तिचा. तर ते असो.

मंगळवारी आकडे घेऊन येते म्हणाली. त्या दिवशी नवीन कपडे घालणार.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. रात्र पडायच्या आत लिहून काढते.

जसं झालं तसं लिहिते.

नात आली तेव्हा मुलगाही घरी होता. सगळे सूनबाईच्या पलंगाभोवती. नातीने लॅपटॉप उघडला. म्हणाली, मामी, तुझा लाल पट्टा बघून आमच्या डॉक्टरीणबाईसुद्धा हळहळल्या. एक दिवस तू काहीतरी जास्त केलंस, आणि मग चार दिवस जवळजवळ हललीच नाहीस. नुसतं उभं राहिलं तरी नाडी धावतेय. इतकं वाईट असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. कागद लगेच मिळेल.

सूनबाई म्हणाली, पण मी तर काही जास्त केलं नव्हतं.

मुलाने तिचा हात धरला. मग नात माझ्याकडे वळली. म्हणाली, आजी, तुझा हिरवा पट्टाही काही फार भारी नाही हं. रोज थोडं थोडं उठतेस, जपून जपून, मध्ये बसतेस. पण चालेल, तुझ्या वयाला चालेल.

माझ्या वयाला! मला कळेना हसू आवरू की बोलू. सगळे जमलेले, मी नवीन कपड्यांत. यापेक्षा चांगली वेळ कोणती? मी उभी राहिले आणि म्हणाले, थांबा सगळे. पट्टे मी बदलले होते. हिरवा हिच्या हातात होता. तुम्ही आत्ता ज्याला आजीच्या वयाला चालेल म्हणालात, ती ही आहे! रोज उठत होती! जपून जपून! आता बोला!

बाल्कनीत पडदे फडफडत होते.

मग नात हळूच म्हणाली, आजी, मग लाल कुणाच्या हातात होता?

मी म्हणाले, माझ्या. आणि लगेच पुढचं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पुढचं काही आलं नाही.

हे म्हणाले, अगं, बस. बसून घे आधी.

मी बसले.

२५ नोव्हेंबर, बुधवार.

बसण्यावरून एक सांगायचं राहिलं. दोघींचाही आठवडा फुकट गेला. नात म्हणाली, कोणी कधी कोणता पट्टा घातला होता याची आता खात्री देता येत नाही, आजी. डॉक्टरीणबाई असल्या आकड्यांवर सही करणार नाहीत. पुन्हा आठवडाभर पट्टे घालायला लागतील. म्हणजे कागद पुढच्या महिन्यात. मालकाची मुदत या महिनाअखेरची.

नात माझ्यावर रागावली नाही. उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मोठ्या माणसांच्या डोक्यावरून लहानांनी हात फिरवायचा नसतो, एवढं तरी तिच्या आईने शिकवायला हवं होतं.

मुलगा बोलत नाही. सूनबाईही बोलत नाही. नेहमी निदान भिंतीकडे तोंड करते. आज छताकडे बघत होती. तिने दुकानातल्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, माझ्या कप्प्यातली मोजपट्टी आणि पाण्याची बाटली तेवढी बाजूला काढून ठेव. फोन ठेवला आणि रडली. मला ऐकू आलं. नळ बंद होता.

मला अजूनही त्या मशीनचा संशय आहे. पण तो उद्या.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार.

ठरलं. उद्या मी स्वतः दुकानात जाणार. मालकाला सांगणार, भाऊ, आठवडाभर थांबा, कागद येतोय, मशीनवाल्यांकडून गोंधळ झालाय. तीन वाक्यं पाठ केली आहेत. एक, कागद येतोय. दोन, तोवर तिची जागा कुणाला देऊ नका. तीन, ती कामाची पक्की आहे. तिसरं वाक्य मी आपण होऊन घातलं.

कुणाला सांगितलेलं नाही. चालतच जाणार, ताठ. मला बघून त्यालाही कळेल की या घरातल्या बायका काय चीज आहेत.

२९ नोव्हेंबर, रविवार. झोपून लिहिते, अक्षर बघू नये.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सूनबाईने बारा वर्षांत सांगितलं असेल तर मला आठवत नाही.

रस्ताभर ठीक होतं. म्हणजे औषधाच्या दुकानासमोर बसले, मग बँकेच्या पायरीवर, मग एका गाडीला टेकले तर ती ओरडायला लागली. पण ठीक. जिना अर्धा चढले आणि बसले. उठायचंच होतं. पण पाय माझे नव्हते. छाती अशी वाजत होती की मला वाटलं वर कुणीतरी काही ठोकतंय. गिऱ्हाइकं बाजूने वर जात होती, खाली येत होती, सगळ्यांच्या नाकावर नवे चष्मे, सगळ्यांना मी स्पष्ट दिसत होते.

शेवटी कुणीतरी मालकाला सांगितलं. तो खाली आला. चांगला उंच माणूस आहे, खिशात चार पेनं. म्हणाला, मावशी, कोण तुम्ही, कुणाला बोलवायचं? मी तीन वाक्यं आठवली. एकही जागेवर नव्हतं. तोंडातून निघालं, पडदे.

दोघांनी मिळून मला वर नेलं आणि नंबर तपासायच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची मागे कलते. समोर अक्षरांची पाटी, मोठं ते बारीक. दुकानातल्या मुलीने ओळखलं. म्हणाली, सर, या तिच्या सासूबाई.

मालक माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, फोनवर हरणासारखी फिरते म्हणालात त्या तुम्हीच ना?

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच समजलं नाही.

तो म्हणाला, तोच ताप?

मी म्हणाले, एकाच पातेल्यातलं सूप.

त्याने मला पाणी दिलं. ग्लास धरायला दोन हात लागले, आणि तरी सांडलं. त्याने स्वतःचा रुमाल दिला. थोड्या वेळाने मुलाला फोन लावला. मी ऐकत होते, डोळे मिटून. म्हणाला, तुमच्या आई इथे आहेत, घेऊन जा, काळजीचं काही नाही. आणि मिसेसना सांगा, कागद येईल तेव्हा येऊ दे. बुधवारपासून सकाळची अर्धी वेळ या. बसून तपासायचं. मी उंच स्टूल मागवतो.

मी डोळे उघडून म्हणाले, ती कामाची पक्की आहे.

तो म्हणाला, ते मला माहीत आहे, मावशी. तुम्ही पडून राहा.

मुलाने मला गाडीत घातलं. घराशी आल्यावर दार उघडून म्हणाला, आई, हात दे. मी दिला.

३ डिसेंबर, गुरुवार.

नात येऊन गेली. मला आता दुसऱ्या गटात घातलंय. मी विचारलं, पहिल्या गटात माझ्या जागी कोण? ती म्हणाली, आजोबा. त्यांनाही ताप आला होता म्हणे, दोन दिवस. आम्हाला कुणाला कळलंच नाही. हे पॅसेजमध्ये शीळ घालत चालले, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वा!

सूनबाई कालपासून कामावर जायला लागली. आज साडेबाराला परत आली, चपला काढल्या आणि तशीच माझ्या पलंगावर दुसऱ्या बाजूला आडवी झाली. तिचा पलंग चार पावलं लांब आहे. मी सरकले.

थोड्या वेळाने म्हणाली, आई, झोपलात?

मी म्हणाले, नाही गं, विचार करतेय.

ती म्हणाली, मी पण.

दाराची बेल वाजली. हे बाहेर गेलेले. पुन्हा वाजली. ती म्हणाली, आई, तुम्ही बघता का? मी म्हणाले, तूच बघ, तू तरुण आहेस. ती म्हणाली, हो, उठते. मी म्हणाले, हो, ऊठ.

बराच वेळ वाजत होती. मग थांबली.